आढ्यापासून वळचणीपर्यंत

पुण्यातल्या कर्वेनगरची सुरुवात एका झोपडीनं झाली. तेव्हा या भागाला कर्वेनगर म्हणत नसत. मुठेच्या अलीकडे हिंगणे बुद्रुक, पलीकडे हिंगणे खुर्द, मधे नदी आणि भोवती माळ. धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. पुढे शहरात प्लेग माजला, आश्रम गावाबाहेर न्यायची वेळ आली, आणि रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला दिलेल्या जमिनीवर १९०० साली ती झोपडी उभी राहिली. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे तास घ्यायचे आणि मग मुलींसाठी लागणारं सामानसुमान घेऊन चिखल तुडवत हिंगण्याची वाट धरायची, हा अण्णासाहेबांचा नेम. ती झोपडी आश्रमाच्या संस्थेनं आजही आवारात जपून ठेवली आहे. लोक तिथं जातात, हात जोडतात, इतिहास आठवतात. मला त्या झोपडीपाशी उभं राहिलं की एक साधा प्रश्न पडतो: पहिल्या पावसात इथं पाणी कुठून गळलं असेल, आणि ते कुणी आवरलं असेल?

पन्हळीच्या कुळकथेला याच प्रश्नापासून सुरुवात करायला हवी, कारण गवती छपराला पन्हळ लावत नाहीत. गवत पाणी एका धारेनं सोडत नाही. कडेच्या काडीकाडीच्या टोकाला थेंब लोंबतो, फुगतो, गळतो. म्हणून छप्पर भिंतीच्या पुढे हात-दीड हात काढायचं, पाणी कुडापासून लांब पडेल असं बघायचं, आणि पागोळ्यांची रेघ जिथं जमिनीवर उमटते तिथं गोटे पसरायचे नाहीतर उथळ चर खणून पाणी उताराला लावून द्यायचं. तो चर हीच घराची पहिली पन्हळ. ती जमिनीवर होती, हातभर खाली वाकलं की साफ होत होती, आणि तिच्यात पानं अडकली तर सगळ्या घराला लगेच कळत होतं; पाणी थेट ओट्याला लागायचं.

छपराची काळजी मात्र दर वर्षी घ्यावी लागे. अण्णासाहेबांचं मूळ गाव दापोलीजवळचं मुरूड. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे-सव्वासातशे मिलीमीटर पाऊस पडतो. दापोलीकडे तीन हजारांच्या वर. त्या मुलखात आगोट जवळ आली की घर शाकारणं हे लग्नकार्याइतकं ठरलेलं काम. जुनं कुजकं गवत किंवा पेंढा काढायचा, वासे-रिपा ठोकून बघायच्या, नवा थर चढवायचा, झडीच्या बाजूला झाप बांधायचे. हे काम कुणा एकाचं नसे. खालून पेंढ्या फेकणारा, वर झेलणारा, सुंभ ओढणारा, अशी सगळ्या घराची आणि शेजाऱ्यांचीही त्यात गुंतवणूक असे. आपल्या आजच्या ‘पावसाळ्याआधीची कामं’ या यादीचं मूळ तिथं आहे. घराला पावसासाठी माणसाचा हात वर्षातून एकदा लागलाच पाहिजे, ही समजूत पन्हळीपेक्षा कितीतरी जुनी.

गवताच्या जागी कौल आलं आणि पन्हळ पहिल्यांदा छपरावर चढली. कोकणात आणि देशावर ज्याला नळे म्हणतात ते कौल कुंभार चाकावर करत असे. निमुळता लांबट नळा ओढायचा, ओला असतानाच त्याला उभ्या दोन चिरा द्यायच्या, म्हणजे पुढे त्याची दोन अर्धुकं होतात. हे अर्धुक हातात घेऊन बघा. उताणं धरलं तर ती वीतभर-दोन वितींची मातीची पन्हळच असते. छपरावर नळ्यांची एक ओळ उताणी घालतात, शेजारी दुसरी उताणी, आणि दोन्हींच्या कडा झाकायला वर पालथी ओळ. पालथा नळा पाणी दोन्हीकडे ढकलतो, उताणा ते खाली नेतो. म्हणजे जुन्या घराचं सगळं पाखं शेजारी-शेजारी मांडलेल्या शेकडो पन्हळींचं असतं आणि त्यातल्या प्रत्येकीला वळचणीपाशी आपलं स्वतःचं तोंड असतं. पागोळ्या एकसारख्या अंतरानं का पडतात, याचं उत्तर हे.

अशा छपराला कचऱ्याचा त्रास कडेला होत नाही, पोटात होतो. उताण्या नळ्यात आंब्याची पानं, शेवाळ, उंदरानं ओढलेलं गवत साचलं की पाणी कडेवरून उलटून आत येतं. वानर कौलं सरकवतात, मांजरं रात्रीची फिरतात. म्हणून उन्हाळ्यात कौलं चाळायची: एकेक नळा उचलायचा, झटकायचा, फुटका बाजूला काढायचा, बाकीचे पुन्हा बसवायचे. चाळणारा माणूस पाय कुठं टेकवायचा हे जाणून असे, कारण वाशावर पाय पडला तर ठीक, दोन वाशांच्या मधे पडला तर पाच-सात नळे जागेवर फुटतात.

कोकणातच पन्हळीचं आणखी एक रूप आहे आणि मला ते सगळ्यांत सुंदर वाटतं. पोफळी म्हाताऱ्या झाल्या की त्यांचं खोड उभं चिरायचं, आतला मऊ गाभा खरवडून काढायचा, आणि बाहेरच्या टणक सालाच्या लांबच लांब पन्हळी करायच्या. त्या एकीत एक अडकवून, बेचक्यांवर टेकवून, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी थेट अंगणातल्या डोणीपर्यंत आणायचं. त्याच पन्हळीचा तुकडा वळचणीखाली बांधला की छपराचं पाणी हंड्यात. एकच वस्तू, उन्हाळ्यात पाणी आणणारी आणि पावसाळ्यात पाणी लावून देणारी.

खरं तर महाराष्ट्रात पन्हळ नुसती पाणी घालवायला नव्हती, साठवायलाही होती. याचा सगळ्यांत ठळक पुरावा दगडात आहे. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती कोरायला सुरुवात झाली. तिथं लेण्याच्या दाराशी उभं राहून मूर्ती बघण्याआधी वर कातळाकडे बघावं. कातळाच्या उतारावर बोटं रुतवून ओढावीत तशा खाचा कोरलेल्या दिसतात. त्या वाकड्यातिकड्या वाटतात, पण त्यांचा ढाळ अचूक आहे. डोंगरावर पडलेलं पाणी लेण्याच्या तोंडावर न येता या खाचांतून बाजूला वळतं आणि दाराशेजारच्या टाक्यात उतरतं. भिक्षूंची निवाऱ्याची जागा कोरडी राहिली आणि पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांचं पाणीही जमलं. या टाक्यांना तिथल्या शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलं आहे आणि ती कुणी दान दिली हेही खोदून ठेवलं आहे. लेणं दान देणाऱ्यांच्या रांगेत टाकं दान देणाऱ्याचं नाव आहे, यावरून त्या काळच्या लोकांना पाण्याच्या वाटेची किती किंमत होती ते कळतं. पुढे सह्याद्रीतल्या गडांवर हीच युक्ती चालत राहिली. सिंहगडाचं देवटाकं आजही आल्यागेल्याची तहान भागवतं.

देवळात पन्हळ आणखी वेगळ्या मानानं आली. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी भिंतीतून बाहेर काढणाऱ्या वाटेला संस्कृतात प्रणाल म्हणतात. आपली पन्हळ तिचीच लेक. तिच्या तोंडाला गाय किंवा मगर कोरलेली असते. शिवालयात प्रदक्षिणा घालताना आपण त्या पन्हळीपाशी थांबतो, ती न ओलांडता मागे फिरतो आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा तिथवर येतो. पाण्याची वाट ओलांडायची नाही, अडवायची नाही, हा दंडक भाविकांच्या पायांत बसलेला आहे. आपल्याच घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या तोंडाशी आपण कुंडी ठेवतो तेव्हा मला या अर्ध्या प्रदक्षिणेची आठवण होते.

घरं एकमेकांना खेटली आणि पन्हळीला तिसरं काम लागलं: शेजाऱ्याशी भांडण न होऊ देणं. कौटिल्यानं अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरबांधणीचे नियम घातले आहेत. दोन घरांमधे किती जागा सोडायची ते सांगून तो म्हणतो की शेजारशेजारच्या दोन छपरांच्या कडांमध्ये चार अंगुळं अंतर ठेवा, नाहीतर एकीवर दुसरी चढू द्या. पावसानं नुकसान होऊ नये म्हणून छपरावर वाऱ्यानं न उडणारी चटई घाला, हेही त्यात आहे. तिकडे रोमच्या कायद्यात वळचणीचं पाणी शेजाऱ्याच्या जागेत पडू देण्याचा हक्क हा स्वतंत्र हक्क मानलेला होता. आपल्याकडे ईझमेंट्स ॲक्ट १८८२ चा. मुंबई इलाख्याला तो १८९१ पासून लागू झाला. वीस वर्षं उघडपणे, विनातक्रार चालत आलेली वहिवाट त्यानं हक्क म्हणून मान्य केली, आणि पाण्याची वाटही त्यात आली. पुण्याच्या पेठांत ज्यांनी वाड्याची वाटणी बघितली आहे त्यांना माहीत आहे की भिंतीवरून जेवढे वाद होतात तेवढेच पागोळ्यांवरून होतात. ‘तुमचं पाणी आमच्या हद्दीत’ या वाक्यातून घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या अबोले चालले आहेत.

वाड्यानं यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. चौसोपी वाड्याची आतली पाखी चौकाकडे उतरतात. निम्मं पाणी घराच्या पोटातच घ्यायचं, चौकातल्या फरशीवरून मोरीवाटे बाहेर काढायचं. चौकाच्या कडेला पन्हळ असे आणि तिच्या तोंडाखाली पावसाळाभर घंगाळं, हंडे, पुढे लोखंडी पिंपं. विहिरीचं पाणी जड. त्यात डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही. पन्हळीचं पाणी हलकं. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यायचे, छप्पर धुतलं गेलं की मग भांडं लावायचं, हे बायकांना कुणी शिकवायला लागत नसे. आज छतावरचं पाणी बोअरला सोडताना पहिल्या पावसासाठी वेगळी तोटी बसवतात, ते शास्त्र त्या घंगाळापाशी रोजच्या वापरात होतं.

भिंत वाचवण्यासाठी पन्हळीची नळी थेट जमिनीपर्यंत न्यायची ही कल्पना मात्र दगड-चुन्याच्या उंच इमारतींतून आली. १२४० साली इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री यानं लंडनच्या टॉवरमधल्या मोठ्या बुरुजाला नवा पांढरा चुना फासून घेतला आणि हुकूम काढला की शिशाच्या पन्हळी खाली जमिनीपर्यंत न्या, म्हणजे पावसाचं पाणी ठिबकून भिंत खराब होणार नाही. त्याच्या आधीच्या पन्हळी पाणी भिंतीपासून लांब फेकून मोकळ्या होत. युरोपातल्या चर्चच्या कडेला तोंड वासून बसलेले दगडी प्राणी हेच काम करतात, आणि ग्रीक-रोमन देवळांच्या छपराच्या कडेचे सिंहही. पण पाणी हवेत सोडलं की वारा ते पुन्हा भिंतीवर आणतो. मोहेंजोदडोच्या घरांत वरच्या मजल्यावरचं पाणी भिंतीतल्या भाजक्या मातीच्या नळ्यांतून खाली उतरे. म्हणजे हा शोध हेन्रीच्या हुकमाहून कितीतरी आधी आपल्या बाजूला लागलेला होता आणि मधे विसरला गेला होता.

आज आपण ज्याला पन्हळ म्हणतो, ती पत्र्याची अर्धगोल पन्हळ, तिचं वय दीडशे वर्षांच्या आसपास. तिला जन्म द्यायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. १८२९ साली लंडनच्या गोदीतल्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरनं नागमोडी पत्र्याचं पेटंट घेतलं. १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यानं लोखंडावर जस्ताचा थर देण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं, आणि गंज न धरणारा पत्रा स्वस्त होत गेला. तिसरी गोष्ट आपल्या जवळची. १८६५ साली मंगळूरला जेप्पू इथं बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यानं कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारं, साच्यातलं, सपाट मंगलोरी कौल तिथून सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पोचलं. पुण्यात रेल्वे १८५८ साली आली होती आणि १८६३ साली भोर घाट सर झाल्यावर मुंबईच्या बंदरातला माल सरळ इथं उतरू लागला. पत्रे आणि कौलं, दोन्ही वजनदार माल. रेल्वेशिवाय ते घराघरांत शिरलेच नसते.

मंगलोरी कौलानं दोन बदल केले आणि माझ्या मते पन्हळीच्या कथेतलं सगळ्यांत मोठं वळण हेच. नळ्यांच्या छपराची कड दातेरी, खालीवर. तिच्याखाली सरळ पत्रा बसवणं कठीण. मंगलोरी कौलाची कड दोरी लावल्यासारखी सरळ. तिच्याखाली सलग पन्हळ लटकवता आली. दुसरं म्हणजे, ही कौलं दर वर्षी चाळावी लागत नाहीत. छपरावर चढण्याचं काम कमी झालं, पण छपरावरची सगळी घाण आता कडेच्या एका चिंचोळ्या पन्हळीत येऊन पडू लागली. माणसाचा जो हात पूर्वी सगळ्या पाख्यावर फिरत होता तो आता फक्त कडेला फिरायचा होता. काम दहापट सोपं झालं, आणि सोपं झालं म्हणूनच पुढे ढकललं जाऊ लागलं.

जस्ती पत्र्याची पन्हळ हातानं करणारे कारागीर पुण्यात अजून आहेत. सामान रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतं. पत्र्याची पट्टी कापायची, जाड पाइपावर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकत अर्धगोल करायची. कडेला तार घालून त्यावर पत्रा वळवायचा. त्यानं कड ताठ राहते आणि साफ करणाऱ्याचा हात कापत नाही. दोन तुकडे जोडताना वरच्या अंगाचा तुकडा आत आणि खालच्या अंगाचा बाहेर, म्हणजे पाणी सांध्यावरून सरकून जातं, सांध्यात शिरत नाही. मग रिव्हेट आणि डाख. लटकवायच्या लोखंडी पट्ट्या वाशांच्या टोकांना ठोकायच्या आणि दहा फुटांना पाव ते अर्धा इंच ढाळ द्यायचा. एवढासा ढाळ खालून डोळ्याला दिसत नाही. एका कारागिरानं मला तो दाखवला तेव्हा पातळी-दोरी काहीच काढलं नाही. “दादा, तांब्याभर पाणी द्या,” म्हणाला, आणि वरच्या टोकाला ओतून पाण्यामागोमाग शिडी सरकवत गेला. पाणी जिथं रेंगाळलं तिथं पट्टीला दोन ठोके, पुन्हा तांब्या.

कर्वेनगरात बंगल्यांच्या कॉलन्या झाल्या तेव्हा या पन्हळी पडवीच्या, गॅरेजच्या, मागच्या मोरीवरच्या छपरांना लागल्या. हिंगणे होम कॉलनीच्या बाजूला किंवा कॅनॉल रोडच्या आतल्या गल्ल्यांत हिंडताना त्या अजून दिसतात, काही नीट, काही मधेच पोट सोडून लोंबलेल्या. या भागाचं भाग्य म्हणजे झाडं, आणि पन्हळीच्या दृष्टीनं तीच परीक्षा. आंबा, नारळ, अशोक यांची पानं मोठी. ती हातानं उचलता येतात. खरा त्रास गुलमोहर आणि सोनमोहराचा. त्यांची पानं तांदळाच्या दाण्याएवढी. जाळी लावली तरी ती जाळीतून आत जातात किंवा जाळीवरच पापुद्र्यासारखी चिकटतात. एका उन्हाळ्यात पन्हळीत त्यांचा दोन बोटं थर जमतो. वळवाचा एक पाऊस पडला की त्याची काळी, चिकट, गोडसर कुबट वासाची माती होते. तिच्यात कबुतराची पिसं, पतंगाचा मांजा, दिवाळीतल्या बाणाची काडी, कधी टेनिसचा चेंडू. आणि पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलं बी त्या मातीत इतकं रुजतं की बोटभर रोप उपटायला गेलं तर वीतभर मुळांची चटई सोबत येते. रोप सांध्यात रुजलं तर मूळ डाख उकलत जातं.

साफ करायची रीत सोपी आहे, पण ती रीत म्हणूनच करावी. शिडी भिंतीला टेकवायची, पन्हळीला कधीच नाही. ती भार घ्यायला केलेली नसते. जवळून विजेची तार जात असेल तर लोखंडी शिडी वापरायची नाही. खाली एक माणूस शिडी धरून उभा हवाच. रबरी हातमोजे घालायचे. तोंडापासून, म्हणजे पाइपाच्या बाजूनं सुरुवात करायची आणि माती आपल्याकडे ओढायची. उलट केलं तर सगळा गाळ पाइपात जातो आणि तिथं त्याचा दट्ट्या बसतो. खुरप्यानं पत्र्यावरचा जस्ताचा थर खरवडला जातो, म्हणून जुना प्लास्टिकचा डबा पन्हळीच्या गोलाईचा कापून घेतला तर तो सुपासारखा चालतो. काढलेली माती फेकायची नाही. बागेला याच्यासारखं खत नाही. शेवटी बादलीभर पाणी वरून सोडायचं आणि ते पलीकडच्या तोंडातून किती वेळात आणि कोणत्या रंगाचं येतं ते बघायचं.

केव्हा करायचं, याला नक्षत्रांचं जुनं कोष्टक आजही पुरेसं आहे. रोहिणी लागतात मेच्या अखेरीस; त्याआधी पहिली सफाई. मृग ७ जूनच्या सुमारास. वळवाच्या सरींनी झाडांवरून जे खाली आणलं ते मृगाच्या तोंडावर पुन्हा काढायचं, आणि ही दुसरी सफाई सगळ्यांत महत्त्वाची, कारण तेव्हाच माती ओली असते पण तिच्यात अजून काही रुजलेलं नसतं. पुष्य-आश्लेषांच्या उघडिपीत एकदा नुसती नजर. आणि सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागण्याआधी तिसरी सफाई. हत्तीचा पाऊस थोडा वेळ पडतो पण सोंडेनं ओतल्यासारखा पडतो. शंभर चौरस मीटर छपरावर तासात ५० मिलीमीटर पाऊस झाला तर ते पाच हजार लिटर पाणी झालं, म्हणजे मिनिटाला चार-पाच मोठ्या बादल्या. एवढं पाणी चार इंची पाइपाच्या तोंडाशी अडकलेल्या मूठभर पानांमुळे भिंतीवर उलटतं.

मग स्लॅब आला. गच्ची सपाट झाली, छपराला कड उरली नाही, वळचण गेली, पागोळ्या गेल्या. आढ्याचं पाणी वळचणीला यायची वाटच राहिली नाही. गवंडी अजून कोबा करताना ढाळ काढतो, भिंतीच्या मुळाशी वाटा मारतो, कोपऱ्यात जाळी बसवतो; म्हणजे पन्हळीची सगळी कामं होतात, पण ती कोपऱ्यातल्या एका भोकात आणि भिंतीला बिलगलेल्या पीव्हीसी पाइपात लपलेली. पन्हळ दिसत होती तोवर ती कुणाची तरी होती. रस्त्यावरून जाणारा ओळखीचा माणूस हाक मारून सांगायचा, “काकू, तुमच्या पन्हळीत पिंपळ आलाय.” सोसायटीच्या पाचव्या मजल्यावरच्या गच्चीतली जाळी कुणाचीच नसते. तिथं जायची किल्ली वॉचमनकडे, गच्चीवर कुणाच्या जुन्या गाद्या, कुणाच्या कुंड्या, आणि जाळीच्या तोंडाशी साचलेल्या चार इंच पाण्यात डासांच्या अळ्या. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ दिसणाऱ्या साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आठवड्या-दीड आठवड्यात त्याची पुढची पिढी उडते. वरच्या मजल्यावरच्या घराच्या छताला ओल येते तेव्हा वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात. बऱ्याचदा कोबा चांगला असतो, जाळी तुंबलेली असते, आणि दुरुस्ती दहा मिनिटांची असते.

त्याहून वाईट म्हणजे पावसाळी पाइप खाली जमिनीत कुठं जातो हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तो पावसाळी गटाराला किंवा शोषखड्ड्याला जायला हवा. कित्येक इमारतींत तो सांडपाण्याच्या चेंबरला जोडलेला सापडतो, कारण बांधताना तेच जवळ होतं. मग मोठ्या पावसात रस्त्यावरची झाकणं उचलली जातात आणि मैलापाणी वर येतं. सगळ्याच पुराचा दोष याला देता येणार नाही. २५ जुलै २०२४ ला राजाराम पुलापलीकडे एकतानगरीतल्या घरांत पाणी शिरलं ते नदीचं आणि धरणातून सोडलेलं. पण आपल्या गल्लीतलं गुडघाभर पाणी बहुतेक वेळा आपल्याच गच्च्यांवरून आलेलं असतं. पुण्यात शंभर चौरस मीटर गच्चीवर वर्षाला सत्तर हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. जे कान्हेरीच्या भिक्षूंनी छिन्नीनं वळवून टाक्यात घेतलं, ते आपण चेंबरमध्ये सोडतो आणि मार्चमध्ये टँकर बोलावतो. महापालिका पर्जन्यजल संधारण करणाऱ्या मिळकतींना करात सवलत देते, नव्या बांधकामांना ते सक्तीचंही आहे. पण खड्डा खणून भागत नाही, त्याच्या वाटेवरची जाळी दर आगोटीला कुणीतरी धुवावी लागते. नाहीतर गच्चीवरचा गाळ जाऊन बोअरच बुजतो.

गेल्या काही वर्षांत पन्हळ परत येते आहे. गळक्या गच्च्यांवर सोसायट्या रंगीत पत्र्यांची शेड घालतात. शेडला उतार, उताराला कड, कडेला पन्हळ. फॅब्रिकेटर तिला ‘गटर’ म्हणतो, पण वस्तू तीच. ती बसवून घेताना चार गोष्टी सांगून करून घ्या. पट्ट्या दोन-अडीच फुटांवर, त्याहून लांब नकोत. ओल्या मातीच्या वजनानं मधे पोट सुटतं. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे तुंबली तरी पाणी बाहेर सांडेल, भिंतीत जाणार नाही. पाइपाच्या तोंडाशी सपाट जाळी नको, फुगीर घुमटासारखी हवी. पानं तिच्या बुडाशी अडकली तरी वरून पाणी जातं. आणि शेडच्या कडेपर्यंत माणसाला सुरक्षित पोचता येईल अशी वाट ठेवा, कठडा किंवा पक्की लोखंडी शिडी. ही चौथी गोष्ट पैसे वाचवायला सगळ्यांत आधी गळते, आणि मग त्या पन्हळीपर्यंत दहा वर्षं कुणाचा हात पोचत नाही. शेडचा हिशेब करतानाच शिडीचा खर्च त्यात धरा, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यातला एक रविवार सोसायटीच्या फळ्यावर आजच लिहून ठेवा.